वऱ्हाडातील तीस गावे आणि नैराश्यावरची गोळी

२५ डिसेंबर २०१३ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत एक पाहणी सुरू झाली. कापसाची वेचणी चालू होती, तूर अजून शेतात उभी होती. पाहणीला आलेली माणसे पिकाविषयी किंवा कर्जाविषयी विचारायला आलेली नव्हती. ती घरोघर बसून माणसांच्या मनाची विचारपूस करत होती. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असे किती दिवस झाले? झोप लागते का? भूक आहे का? आपण कुचकामी आहोत असे वाटते का? यापेक्षा मेलेले बरे, असा विचार मनात येतो का? असे एकूण नऊ प्रश्न होते. १० मार्च २०१४ रोजी पाहणी संपली आणि आकडे हाती आले. दर शंभर प्रौढांमागे १४.६ जणांना नैराश्याच्या आजाराची लक्षणे होती. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा दुसरा होता. ज्यांना हा आजार होता, त्यांच्यापैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण होते फक्त ४.३ टक्के.

नैराश्यावरचे पहिले औषध जगात येऊन तेव्हा ५६ वर्षे झाली होती. अशी औषधे कुठल्याही जिल्ह्याच्या गावी औषधाच्या दुकानात मिळत होती, महागही नव्हती. तरीही अमरावतीपासून काही कोसांवरच्या गावात शंभरातल्या पंचाण्णव आजारी माणसांना उपचाराची वाटच सापडली नव्हती. ही औषधे कुठून निघाली, कुठे अडली आणि तीस गावांत ती शेवटी कोणाच्या हातून पोचली, हा वऱ्हाडच्या इतिहासाचाच एक भाग आहे. कर्ज, कापूस आणि आत्महत्या यांच्या इतिहासाशेजारी तोही लिहिला गेला पाहिजे.

क्षयाच्या वॉर्डापासून मुंबईपर्यंत

नैराश्यावरची औषधे कोणी ठरवून शोधली नाहीत. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देऊन पाहिले जात होते. खंगलेल्या रुग्णांना भूक लागू लागली, ते बोलू-हसू लागले. क्षयाच्या वॉर्डात रुग्ण आनंदाने नाचत असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून आली. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी तेच औषध उदासीनतेच्या रुग्णांसाठी उपयोगी असल्याचे जाहीर केले.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या मुन्स्टरलिंगन या गावी रोलांड कून हे डॉक्टर गायगी कंपनीचे एक रसायन तपासत होते. ते स्किझोफ्रेनियासाठी उपयोगी पडेल, अशी आशा होती; ती फोल ठरली. कून यांनी १९५६ च्या आरंभी ते खोल नैराश्यातल्या रुग्णांना दिले आणि काही दिवसांतच रुग्णांत बदल दिसू लागला. हे औषध म्हणजे इमिप्रामिन. सप्टेंबर १९५७ मध्ये झुरिकच्या परिषदेत त्यांनी ही माहिती मांडली, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसे होती. इमिप्रामिनच्याच घराण्यातले अमिट्रिप्टिलिन आजही सरकारी दवाखान्यांत वापरले जाते.

या शोधाच्या वाटेवर मुंबईचेही एक ठाणे आहे. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्या मुळीतले रेसर्पिन वेगळे करण्यात आले आणि जगभरचे डॉक्टर ते रक्तदाबासाठी देऊ लागले. ते घेणारे काही रुग्ण विलक्षण उदास होतात, असे डॉक्टरांनी नोंदवले. रेसर्पिनमुळे मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायने कमी होतात, हे अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत दिसले. या दोन निरीक्षणांची सांगड घालून असा तर्क निघाला, की नैराश्य म्हणजे मेंदूतल्या या रसायनांची तूट असावी. हा तर्क आज इतका सरळ मानला जात नाही. मेंदूत सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. पण त्या तर्काच्या आधाराने पुढची औषधे शोधली गेली, हे खरे आहे. एलाय लिली कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात शोधलेले फ्लुओक्सेटिन त्यांपैकी सर्वांत गाजलेले. डिसेंबर १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. जुन्या औषधांचा जास्तीचा डोस हृदयाला घातक ठरू शकतो. फ्लुओक्सेटिन त्या मानाने बरेच सुरक्षित होते. त्यामुळे मनोविकारतज्ज्ञ नसलेला साधा डॉक्टरही ते अधिक निर्धास्तपणे देऊ शकेल, अशी शक्यता निर्माण झाली.

गोरेगावला तयार, गावाला दुर्मीळ

औषध भारतात उशिरा आले, असेही म्हणता येत नाही. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते मुंबईत गोरेगावला सिबा कंपनीच्या संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. तिथल्या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी नैराश्यावरचे एक नवे औषध तयार केले आणि ते ‘सिंटामिल’ या नावाने बाजारात आले. नैराश्यावरचे अस्सल भारतीय बनावटीचे औषध महाराष्ट्रात तयार झाले होते, ही गोष्ट आज फार थोड्यांना ठाऊक आहे. फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत १९७० च्या पेटंट कायद्याने वाट मोकळी केली. तो कायदा औषधाच्या रेणूला पेटंट देत नव्हता, केवळ बनवण्याच्या पद्धतीला देत होता. म्हणून अमेरिकेतले पेटंट संपण्याच्या बरेच आधीपासून भारतीय कंपन्या हे औषध स्वस्तात बनवत होत्या.

अडचण गोळीची नव्हती, ती लिहून देणाऱ्याची होती. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, रत्नागिरी आणि नागपूर. वऱ्हाडाच्या वाट्याला नागपूरचे, तेही १८६४ चे. अमरावतीहून ते दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. आणि तिथे माणूस नेला जायचा तो पूर्णपणे बिघडल्यावर, अनेकदा बांधून. जो शेतकरी रोज उठतो, बैल सोडतो, डवऱ्यामागे चालतो, पण ज्याला तीन महिन्यांत धड झोप नाही आणि घरच्यांशी बोलावेसे वाटत नाही, त्याच्यासाठी ते रुग्णालय नव्हतेच. अशा माणसाला घरचे ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणत. फारच झाले तर बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर घेऊन जात. मनाच्या आजाराची माणसे घेऊन तिथे दूरदूरहून कुटुंबे येतात, मुक्काम ठोकतात. त्या कुटुंबांच्या श्रद्धेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. माणूस घेऊन जायला त्यांना दुसरी जवळची जागा कोणी दाखवली नव्हती.

कागदावर मात्र वाट आखली गेली होती. १९८२ मध्ये भारताने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. मनाच्या आजारावरचे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळावेत, हा त्याचा गाभा होता. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये आले. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून होते. अमरावतीचे ‘इर्विन’ आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, ही दोन्ही ठिकाणे वऱ्हाडी माणसाला घरच्यासारखी माहीत. तरीही मनाच्या दुखण्यासाठी तिथली पायरी चढावी, हे त्याच्या मनात येत नव्हते.

पॅकेज आणि वाद

दरम्यान वऱ्हाडावर आकाश कोसळले. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले होते. तेव्हा ती एकटी, सुन्न करणारी घटना वाटली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा बातम्या रोजच्या झाल्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्याचा भर कर्जाची फेररचना, थकीत व्याजाची माफी, सिंचन आणि बियाणे यांवर होता.

मनाच्या उपचारांचा विषय काढणे त्या काळात अवघड होते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना धास्ती वाटे, की आत्महत्येला आजार म्हटले तर सरकारला हात झटकता येतील. कापसाला भाव नाही, पाणी नाही, सावकार दारात आहे. अशा माणसाला गोळ्या द्यायच्या? हा प्रश्न रास्त होता. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. नापिकी आणि कर्ज सगळ्या गावाला होते. त्या ओझ्याखाली काहींना नैराश्याचा आजार जडत होता, आणि तो जडल्यावर माणसाची झोप, भूक, निर्णयशक्ती, उद्याविषयीची आशा हे सगळे जात होते. कर्ज माफ झाले तरी तो आजार त्याच दिवशी उतरत नाही. शेताच्या दुखण्यावरचा उपाय आणि मनाच्या दुखण्यावरचा उपाय हे एकमेकांचे वैरी नाहीत. वऱ्हाडातल्या घराला दोन्हींची गरज होती आणि आहे. मधुमेह गरिबीने बळावला म्हणून आपण इन्सुलिन नाकारत नाही.

अठरा महिने

औषध आणि आजारी माणूस यांच्यातले अंतर कापण्याची रीत प्रथम गोव्यात शिकली गेली. डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगत’ या संस्थेशी निगडित संशोधकांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांना फ्लुओक्सेटिन दिले, तर दोन महिन्यांनी ते औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरे असतात, हे त्यात दिसले. २०१० मध्ये आणखी मोठा अभ्यास आला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले गेले. गरज असलेल्यांना केंद्रातलाच डॉक्टर औषध देई आणि मनोविकारतज्ज्ञ मदतीला असे. सहा महिन्यांनी या केंद्रांत बरे झालेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के होते. नेहमीची सेवा देणाऱ्या केंद्रांत ४२.५.

ही रीत वऱ्हाडात आली ती ‘विश्राम’ या नावाने. विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम हे तिचे पूर्ण नाव. मनोविकारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये, विक्रम पटेल, नागपूरच्या ‘प्रकृती’ संस्थेच्या सुवर्णा दामले आणि त्यांचे सहकारी हे त्यामागचे लोक. लेखाच्या आरंभी ज्या पाहणीचा उल्लेख आला, ती याच कामाची पूर्वतयारी होती.

कामाची मांडणी साधी होती. पहिल्या फळीत गावातलेच कार्यकर्ते. ते लहान लहान बैठका घेत, नैराश्य म्हणजे काय हे गावच्या भाषेत सांगत, दारूचा प्रश्नही उघड बोलत. एखादी बाई कामावर येईनाशी झाली, एखादा माणूस पारावर बसायचा थांबला, तर हे त्यांच्या नजरेला आधी पडे. दुसऱ्या फळीत समुपदेशक. ते माणसाचे ऐकून घेत, बंद पडलेली कामे एकेक करून पुन्हा सुरू करायला लावत. सौम्य त्रासाला अनेकदा एवढे पुरते. आजार तीव्र असेल तर तिसरी फळी: दवाखान्यातला डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ. गोळी इथे येते. ती सर्वांना वाटायची नव्हती आणि ज्याला हवी त्याला नाकारायचीही नव्हती.

पहिल्या पाहणीनंतर अठरा महिन्यांनी, १८ सप्टेंबर ते ९ ऑक्टोबर २०१५ या काळात पुन्हा पाहणी झाली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर पोचले होते, म्हणजे सहापटीहून अधिक. ही वाढ स्त्री-पुरुष, शिकलेले-न शिकलेले, जात, धर्म, उत्पन्न या सगळ्यांत सारखी वाटली गेली होती. आपल्याकडे कुठल्याही आरोग्य योजनेचा लाभ आधी वरच्यांना मिळतो. इथे तसे झाले नाही, ही मला या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. लोक गेले ते बहुतांशी साध्या डॉक्टरांकडेच. नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. या अभ्यासात तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे ही घट संपूर्णपणे ‘विश्राम’मुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण २०१४ आणि २०१५ ही दोन्ही महाराष्ट्रात पावसाच्या तुटीची वर्षे होती, हे ध्यानात घेतले की त्या आकड्यांचे वजन कळते. २०१७ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि अमरावतीची गावे जगाच्या वैद्यकीय चर्चेत पोचली.

गोळी घेण्याची रीत

गोळी हातात पडल्यावरही अर्धी वाट शिल्लक असते. नैराश्यावरची औषधे वाया जातात ती अनेकदा पहिल्या पंधरा दिवसांत. ताप उतरवणारी गोळी तासाभरात काम करते. हिचे तसे नाही. फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्राम मेंदूतल्या पेशींकडून सेरोटोनिन परत शोषले जाणे रोखते. हे पहिल्या दिवसापासून घडते, पण मेंदूला त्या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि मनाला आराम पडायला सहसा दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडेही लागतात. याउलट मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थता हे त्रास पहिल्या आठवड्यातच सुरू होतात. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. हे कोणी सांगितले नसेल तर माणूस आठव्या दिवशी गोळी बंद करतो आणि ‘हे औषध आपल्याला मानवत नाही’ असे ठरवून टाकतो. याच टप्प्यावर गावातल्या कार्यकर्त्याची एक चक्कर उपचार वाचवते.

दुसरी चूक बरे वाटल्यावर होते. झोप लागू लागली, शेतात मन रमू लागले, की गोळीची गरज संपली असे वाटते. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता वाढते. आजार आधीही येऊन गेला असेल तर हा काळ आणखी लांबतो. बंद करतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवायची. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड असे त्रास होतात. त्यावरून ‘या गोळीचे व्यसन लागते’ असा समज पसरतो. दारूची जशी हाव सुटते, मात्रा वाढवावी लागते, तसे या औषधांचे होत नाही.

काही गोष्टी डॉक्टरांना आधी सांगायलाच हव्यात: पूर्वी कधी अति उत्साहाचे, झोप न घेता धावपळीचे, बेफाम खर्चाचे दिवस आले होते का, दारू किती, दुसरी औषधे कोणती, विशेषतः ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक, स्त्री गरोदर आहे का. पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर छापणे बंधनकारक केले आहे. म्हणून तरुण मुलामुलींवर त्या दिवसांत घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांचा मोठा साठा घरात ठेवू नये. औषध घरातल्या जबाबदार माणसाच्या हाती असावे.

ही औषधे चमत्कार करत नाहीत. २०१८ मध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र पाहणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी औषधे नुसत्या औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. आजार मध्यम ते तीव्र असेल तर ती घेण्यात शहाणपण आहे. सौम्य उदासीला आधी सोबत, बोलणे आणि कामात परतणे हा उपाय.

‘प्रेरणा’ आणि पुढे

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांत आशाताईंनी घरोघर जाऊन तणावाखालची माणसे ओळखायची, समुपदेशकांशी गाठ घालून द्यायची आणि गरज असेल त्यांना उपचारापर्यंत न्यायचे, अशी ही योजना. अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे त्यात आहेत. तीस गावांतून दिसलेली गोष्ट सरकारी योजनेतही दिसू लागली होती: माणूस ओळखण्याचे काम गावातल्याच बाईने करायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा माणूस मानण्याची दिशाही त्याने दिली. फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम आणि अमिट्रिप्टिलिन ही तिन्ही औषधे देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

तेव्हा आता कायदा आहे, औषध आहे, योजनाही आहे. तीस गावांच्या इतिहासाने दाखवले ते एवढेच, की या तिन्हींना गावातल्या माणसाच्या पायांची जोड लागते. आशाताईला आज लसीकरण, बाळंतपण, नोंदवह्या अशा असंख्य कामांत मनाच्या कामासाठी वेळ काढावा लागतो. तिला या कामाचे वेगळे प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला मिळाला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तीन औषधे बारमाही असली पाहिजेत, आणि सहा महिने गोळी चालू ठेवणाऱ्या रुग्णाला दर महिन्याला त्याच केंद्रात ती मिळाली पाहिजे. जिल्ह्याच्या नियोजनात सिंचन आणि पीकविम्याच्या बरोबरीने या खर्चाचा हिशेब व्हायला हवा.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, शेजारी, बांधावर कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प, झोपेविना, कशातच मन नसलेले दिसले, तर त्याला ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून सोडू नका. त्याच्याजवळ बसा, मरणाचे विचार येतात का हे स्पष्ट विचारा आणि सोबत घेऊन दवाखान्यात जा. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.